तेवीस कौशल्यं आणि दुधाचं रजिस्टर

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीचं हे पत्र आहे. विषय केमिस्ट्री, मार्क पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे. गेल्या महिन्यात वर्गातल्या चौघी मिळून एका औषध कंपनीच्या मुलाखतीला गेल्या. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ या पहिल्याच प्रश्नाला नाव, गाव, वडील शेती करतात, हॉबी रीडिंग एवढं सांगून ती थांबली. पुढच्या प्रश्नांना घाम फुटला. निवड झाली नाही. त्यानंतर तिनं इंटरनेटवर शोधून ‘पदवीच्या आत अंगी हवीत अशी कौशल्यं’ वहीत उतरवून काढली. संवाद, नेतृत्व, वेळेचं नियोजन, चिकित्सक विचार, भावनिक बुद्धिमत्ता असं करत करत तेवीस झाली. ‘यातलं माझ्यात एकही नाही,’ असं ती लिहिते. जिल्ह्याच्या गावी एक क्लास तीन महिन्यांत व्यक्तिमत्त्व घडवून देतो, फी अडतीस हजार. वडिलांकडे मागावे का? की एम.एस्सी.ला ॲडमिशन घेऊन दोन वर्षांत हे सगळं शिकावं? परीक्षेला पाच महिने उरलेत. नोकरी लागली नाही तर दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं घरात बोलणं चालू आहे. ‘सकाळ-संध्याकाळ वडिलांच्या दूध संकलन केंद्रावर बसावं लागतं, त्यामुळे स्वतःसाठी काही करायला वेळच मिळत नाही,’ असंही शेवटी आहे.

प्रिय मुली,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या तेवीसच्या आकड्याशी अडखळले, दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीशी. त्या ओळीकडे येतेच. आधी मी कुठल्या खुर्चीतून बोलतेय ते सांगते. हे सदर लिहायला लागण्याआधी बावीस वर्षं मी एका औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये होते आणि त्यातली बरीच वर्षं नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. तुझ्यासमोर टेबलापलीकडे ज्या कुणी बसल्या होत्या, त्यांच्या जागी मी शेकडो वेळा बसले आहे. त्यामुळे आज थोडं पलीकडच्या बाजूचं सांगणार आहे.

तुझ्या यादीपासून सुरुवात करू. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९०च्या दशकात मुलामुलींसाठी जीवनकौशल्यांची एक यादी केली होती. त्यात दहा गोष्टी होत्या. निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, स्वतःला ओळखणं, दुसऱ्याचं मन समजणं, ताण पेलणं अशा. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०१९ मध्ये पदवीच्या मुलांसाठी ‘जीवन कौशल्य’ नावाचा अभ्यासक्रम आणला, आठ क्रेडिटचा. मला या याद्यांशी भांडण नाही. त्या अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या कामाच्या आहेत. पण वीस वर्षांच्या मुलीनं ती यादी वहीत उतरवून समोर बरोबर-चूक अशा खुणा करायला घेतल्या, की ती आपोआप नापासांची यादी होते. ‘नेतृत्व’ या शब्दासमोर कोण प्रामाणिक माणूस बरोबरची खूण करेल? मी आजही करणार नाही. यादीतल्या शब्दांना ना वास आहे ना वजन, आणि म्हणून तुला त्यातलं स्वतःत काही सापडलं नाही.

मुलाखतीत आम्ही काय बघायचो ते ऐक.

माझा एक आवडता प्रश्न होता. टायट्रेशन, म्हणजे बुरेट नावाच्या खुणांच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून प्रमाण मोजणं, ते करताना तीन रीडिंग आली, ९.८, ९.९ आणि १०.४. आता काय करशील? केमिस्ट्रीची मुलगी आहेस, तुला माहीतच आहे काय काय करता येईल. आणखी एक-दोनदा टायट्रेट करायचं. १०.४ का आलं त्याचा विचार करायचा. बुरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला होता आणि मधेच सुटला का, रंग बदलतो तो एंड पॉइंट पुढे गेला का, फ्लास्क नीट धुतला होता का. उत्तर अगदी बरोबर यायलाच हवं असं नव्हतंच. पण बहुतेक मुलं काय म्हणायची, माहिती आहे? ‘मॅडम, आमची रीडिंग सारखीच येतात.’ एक मुलगा तर फार निरागसपणे म्हणाला, ‘सी.बी.आर. ९.८ लिहायचा.’ सी.बी.आर. म्हणजे कॉन्स्टंट बुरेट रीडिंग, पुन्हा पुन्हा सारखं येणारं रीडिंग. त्याला हसायला नको. तीन वर्षं त्याला तेच शिकवलं गेलं होतं. सरांना कोणतं उत्तर हवंय ते आधी शोधायचं, मग गणित उलटं करत बुरेट रीडिंगपर्यंत यायचं, आणि जर्नलमध्ये ९.८, ९.८, ९.८ असं सुंदर अक्षरात लिहून टाकायचं. तुमच्या लॅबमध्ये याला काय म्हणतात? आमच्या वेळी ‘रीडिंग बसवणं’ म्हणायचे.

मी स्वतः याच कारखान्यातून बाहेर पडले. नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. वजनकाट्यावरची रीडिंग मी एका चिठोऱ्यावर टिपून घेतली, दुपारी निवांत बसून रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवली, आणि चिठोरा फेकून दिला. कॉलेजात रफ जर्नल आणि फेअर जर्नल असायचंच की! माझ्या मते मी नीटनेटकेपणा दाखवला होता. आमच्या साहेबांनी रजिस्टर पाहिलं, एकही खाडाखोड नाही हे बघून शांतपणे विचारलं, ‘मूळ कागद कुठाय?’ तो कचऱ्याच्या डब्यात होता. त्यांनी मला तो डबा उपसायला लावला. सगळ्यांसमोर. चिठोरा सापडला, आणि त्यावरचा एक आकडा मी रजिस्टरमध्ये उतरवताना चुकवला होता हेही सापडलं. चौथ्या दशांशस्थळावरचा. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि त्यानंतर आजतागायत कुठलाही आकडा चिठोऱ्यावर लिहिलेला नाही. किराणाची यादीसुद्धा नाही.

औषधांच्या लॅबमध्ये यासाठी ‘अल्कोआ’ नावाचं तत्त्व आहे. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत ती. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम चालू असताना त्याच वेळी केलेली पाहिजे, मूळ पाहिजे आणि बिनचूक पाहिजे. चूक झाली तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा दिसेल अशी, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. मला हे नियम आधी जाचक वाटायचे. नंतर कळलं की कुणी चुकणारच नाही असं धरून ते केलेलेच नाहीत. चूक होणार हे मान्य करून, ती लपवायची गरज पडू नये म्हणून ते आहेत.

हे सगळं इतक्या विस्तारानं सांगायचं कारण असं, की माझ्या दृष्टीनं पदवीच्या आत कमवायची पहिली गोष्ट हीच आहे. जे दिसलं ते दिसलं तसं लिहायचं, जे केलं ते केलं तेवढंच सांगायचं, आणि माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही, पण असं शोधून काढेन’ असं म्हणायचं. आर्ट्सचा विद्यार्थी असेल तर न वाचलेल्या पुस्तकाचं नाव संदर्भात टाकायचं नाही. कॉमर्सवाल्यानं ताळेबंद जुळत नसेल तर किरकोळ खर्चात फरक मुरवून टाकायचा नाही. तुझ्या यादीतल्या तेवीसपैकी निम्म्या गोष्टी याच्याच फांद्या आहेत. चिकित्सक विचार म्हणजे १०.४ का आलं हे विचारणं, याहून वेगळं काय असतं?

आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते.

दूध संकलन केंद्रावर बसावं लागतं म्हणून ‘स्वतःसाठी काही करायला वेळ मिळत नाही’ असं तू लिहिलंस. केव्हापासून बसतेस ते लिहिलं नाहीस, पण ज्या सहजतेनं लिहिलंयस त्यावरून चार-पाच वर्षं तरी झाली असावीत. तिथे काय काय होतं ते मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. पहाटे कॅन, किटल्या घेऊन माणसं रांगेत. तू नमुना घेतेस, मशीनला लावतेस, फॅट आणि एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन पदार्थांचा) आकडा येतो, रजिस्टरमध्ये किंवा कॉम्प्युटरवर चढवतेस, पावती देतेस. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा. त्यातून पशुखाद्याची उचल वजा करायची. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ठरलेला, पॉइंट खाली गेला की दर खाली. आणि मग कुणीतरी मामा आवाज चढवून विचारतात, ‘काल चार होती, आज तीन-सहा कशी लागली? मशीन खराब आहे तुझी!’

त्या मामांना तू काय सांगतेस?

हा प्रश्न मी मुलाखतीत विचारला असता आणि तू खरंखुरं उत्तर दिलं असतंस, तर पुढच्या अर्ध्या तासात मला दुसरं काही विचारावंसं वाटलं नसतं. कारण त्या उत्तरात सगळं येतं. धारेचं पहिलं दूध पातळ असतं आणि शेवटचं दाट, त्यामुळे वासराला शेवटचं पाजलं की फॅट कमी लागते. कॅन ढवळून नमुना घेतला नाही तर वरच्या सायीत एक आकडा आणि तळाशी दुसरा. ओल्या-सुक्या चाऱ्याचा मेळ बिघडला तरी फरक पडतो. हे तू वयानं तिप्पट मोठ्या, चिडलेल्या माणसाला, त्याचा मान राखून, त्याच्या पैशाच्या बाबतीत समजावून सांगतेस. तेही रांगेतल्या चाळीस जणांसमोर. याला संवादकौशल्य म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? क्लासमधल्या आरशासमोर उभं राहून ‘गुड मॉर्निंग, माय सेल्फ अमुक’ म्हणण्याला?

पण तुला उगीच हरभऱ्याच्या झाडावर चढवणार नाही. तुझ्याजवळ हे आहे म्हणून तुझं काम झालं असं नाही. दोन अडचणी खऱ्या आहेत. एक म्हणजे, हे जे तू करतेस त्याचा आणि कॉलेजात शिकतेस त्याचा सांधा तू कधी जुळवलेला नाहीस. आकड्यांवर चार वर्षं बसूनही ते मशीन तो आकडा कसा काढतं, हे तू कधी विचारलं असशील का याची मला शंका आहे. दुसरी, हे एका पानात लिहून दे म्हटलं तर तुला जमेल का? मराठीत तरी? माझा अनुभव सांगतो की सत्तर-ऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलांनाही स्वतःच्या शब्दांत सलग एक पान लिहिता येत नाही, कारण ते कधी कुणी मागितलेलंच नसतं.

म्हणून एक काम सुचवते. पाच महिन्यांत होण्यासारखं आहे, आणि फी काही नाही.

तुमच्या केंद्रावरच्या मशीनची फॅट आणि कॉलेजच्या लॅबमध्ये गर्बर पद्धतीनं काढलेली फॅट यांची तुलना कर. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या खुणांच्या काचनळीत, १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग कडेनं अलगद १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, बूच, हलवणं, सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवणं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून रीडिंग. शंभराहून अधिक वर्षं जुनी पद्धत आहे आणि अजून डेअऱ्यांमध्ये चालते. ॲसिड नेहमीचं लॅबमधलं चालत नाही, ठरावीक घनतेचं लागतं, हे सरांशी बोलून घे. ब्युटिरोमीटर आणि गर्बरचं सेंट्रिफ्यूज कॉलेजात नसण्याचीच शक्यता जास्त. मग ते कुठे आहे? जवळच्या शीतकरण केंद्राच्या लॅबमध्ये असेल. तिथे जाऊन विचारायचं. आणि हे ‘विचारायचं’ म्हणजेच तुझ्या यादीतली किमान चार कौशल्यं आहेत, बाई.

विचारणं तोंडी करू नकोस, अर्ज लिही. कॉलेजकडून प्राचार्यांच्या सहीचं पत्रही लागेल, त्याचाही अर्ज तूच लिही. आपली मुलं अर्जात अर्धं पान ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक’ यात घालवतात आणि नेमकं काय हवंय ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. पहिल्या दोन ओळींत काय हवं, किती दिवसांसाठी, ते लिही. मग जबाबदारी कुणाची: फुटलं-सांडलं तर भरपाई कोण देणार, सोबत कोण शिक्षक असणार. मग तुझी सही, वर्ग, फोन. पोच घे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक असतं, हे नागरिकशास्त्रात सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण पदवी घेईपर्यंत एकदाही कुठल्या कार्यालयाला अर्ज न लिहिलेली माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. पाच दिवस उत्तर आलं नाही तर परत जा. हसत जा. लाजू नकोस.

वर्गातल्या दोघींना सोबत घे. त्यातली एक काम करणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. तिच्याशी आठवडाभर अबोला धरण्याऐवजी तिला एकच ठरावीक काम वाटून द्यायचं आणि ते तिच्या नावावर लिहून ठेवायचं. एवढं तुला जमलं तर गटकार्यावर क्लास लावायला नको.

महिनाभर, रोज सहा-सात नमुने. नोंदी त्याच वेळी, त्याच वहीत. चुकल्या तर एक आडवी रेघ.

आता अवघड जागी येते. समजा तुलना केली आणि मशीन सतत कमी फॅट दाखवतंय असं निघालं तर? म्हणजे दूध घालणाऱ्यांचं नुकसान आणि तुमच्या केंद्राचा फायदा. किंवा उलट, मशीन जास्त दाखवतंय आणि पुढे शीतकरण केंद्रावर परत तपासणी झाल्यावर बसणारी घट तुझे वडील मुकाट सोसताहेत. दोन्ही शक्य आहे. मशीन नीट धुतलं नाही, गाय-म्हैस सेटिंग चुकलं, कॅलिब्रेशन (मशीनचा आकडा तपासून जुळवणं) करून वर्ष झालं, अशा साध्या कारणांनीही हे होतं. त्यात कुणाची लबाडी असायलाच हवी असं नाही. पण उत्तर काय येईल ते ठाऊक नसताना नमुना घ्यायचा, आणि घरचं नुकसान करणारं उत्तर आलं तरी वहीत तेच लिहायचं, हे तुला झेपणार आहे का? याचा विचार सुरुवातीलाच कर, आणि वडिलांना आधी सांग. पाठीमागून करू नकोस. ‘बाबा, मी हे करणारे, आकडा वेगळा निघाला तर आपण मशीनवाल्याला बोलवू,’ इतकं साधं. मला वाटतं ते हो म्हणतील. दुधाच्या धंद्यात माणूस तोंडावर टिकतो, आणि फॅटवरून गावात एकदा शंका आली की ती काय किंमत वसूल करते हे तुझ्या वडिलांना माझ्याहून जास्त ठाऊक असणार. समजा नाहीच म्हणाले, तर प्रयोग कॉलेजजवळच्या दुसऱ्या दुधावर कर, पण मग त्या नकाराबद्दल घरात एकदा शांतपणे बोलणं होऊ दे.

आता इंग्रजी. तुझ्या पत्रात ते थेट कुठे नाही, पण ओळीओळीत आहे. ‘संवाद’ म्हणताना तुझ्या मनात इंग्रजी आहे, हो ना? मी तुला ‘मराठीचा अभिमान बाळग, इंग्रजीचं काही अडत नाही’ असं सांगून मोकळी होऊ शकते, टाळ्याही पडतील. पण ते खोटं ठरेल. लॅबमधल्या सगळ्या कार्यपद्धती इंग्रजीत असतात, आणि वाचून न कळलेली सूचना पाळणं धोक्याचं आहे. तुला अस्खलित बोलायची गरज नाही, नेमकं वाचायची आहे. त्यासाठी एक युक्ती सांगते. प्रत्येक रसायनाची सेफ्टी डेटा शीट असते, सोळा भागांची, फुकट मिळते. सल्फ्युरिक ॲसिडची काढ, नाहीतरी तेच वापरणार आहेस. रोज एक भाग वाच. रात्री तो आईला मराठीत समजावून सांग. तिला कळलं नाही तर तुलाही कळलेलं नाही असं धर. मग त्यावर पाच इंग्रजी वाक्यं लिही, छोटी छोटी. सोळा दिवसांत एक शीट संपते. पाच महिन्यांत नऊ रसायनं होतील, आणि यातली वाक्यं मुलाखतीत तोंडावर येतील, कारण ती पाठ केलेली नसतील.

‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’चं उत्तर आता मी तुला तयार करून देत नाही. पण हॉबी रीडिंग मात्र काढून टाक. तो शब्द ऐकला की आम्ही हटकून विचारायचो, शेवटचं काय वाचलं, आणि समोर शांतता. त्याऐवजी ‘मी रोज इतक्या शेतकऱ्यांचं दूध तपासून नोंदवते, आणि कॉलेजात त्याच मशीनची पडताळणी केली, त्यात मला असं असं दिसलं’ एवढ्या दोन वाक्यांनी सुरुवात केलीस, तरी टेबलापलीकडची बाई पेन खाली ठेवून तुझ्याकडे बघेल. पुढचे प्रश्न तिथूनच निघतील, आणि त्यांची उत्तरं तुझ्याकडेच असतील.

क्लासबद्दल माझं मत एव्हाना तुला कळलं असेल. अडतीस हजार म्हणजे किती लिटर दूध, हा हिशोब तू माझ्यापेक्षा पटकन करशील. हे क्लास सगळेच फसवे असतात असं म्हणणार नाही. चारचौघांत उभं राहायची सवय तिथे लागते, आणि ज्याला ती दुसरीकडे कुठेच मिळत नाही त्याच्यासाठी तेही कमी नाही. तुला ती रोज पहाटे मिळते. एन.एस.एस.मध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असशील तर शिबिरातही मिळाली असेल. दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर करून मुलं फक्त प्रमाणपत्र फाइलला लावतात. तिथे ऐंशी माणसांच्या स्वयंपाकाचं सामान कमी पडलं तेव्हा काय केलं, हे कुणी सांगत नाही. ज्यांच्या घरी दूध नाही, दुकान नाही, त्यांच्यासाठीही कॉलेजात जागा असतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ‘कमवा आणि शिका’ आज अनेक विद्यापीठांत चालते. ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम मिळतं. त्या कामाची लाज वाटून पाठ फिरवणारी मुलं मला दिसतात तेव्हा वाईट वाटतं. नव्या शैक्षणिक धोरणात तर ऑन जॉब ट्रेनिंग आणि फील्ड प्रोजेक्ट क्रेडिटमध्येच आलेत. तुझ्या मागून येणाऱ्यांनी ते कुणाच्या तरी ओळखीच्या सही-शिक्क्यावर उरकू नयेत.

एम.एस्सी.चं थोडक्यात सांगते. विषय पुढे शिकावासा वाटत असेल तर जरूर कर. मुलाखतीची भीती दोन वर्षं पुढे ढकलायला करू नकोस, ती तिथेच वाट बघत बसते. मधला एक रस्ता अप्रेंटिसशिपचा आहे. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली आता साध्या पदवीधरांनाही घेतात, विद्यावेतन मिळतं. राज्य सरकारच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला सहा महिने महिना दहा हजार ठरले होते. अर्ज करताना त्या वेळचे नियम पाहून घे. पगार कमी म्हणून नाकं मुरडणारे भेटतील. पण सहा महिने खऱ्या लॅबमध्ये उभं राहिलेली मुलगी दुसऱ्या मुलाखतीत वेगळी दिसते, हे मी समोर बसून पाहिलेलं आहे.

कुठेही रुजू होताना ओरिजिनल मार्कशीट, टी.सी. कुणाकडे ठेवायची नाही. दाखवायची आणि परत घ्यायची. नेमणुकीच्या पत्रात बाँड आहे का ते वाचायचं, सही नंतर. पगारपत्रकात पी.एफ. कापला जातोय तर तो खात्यात पडतोय का ते फोनवर बघायला शिकायचं. हे कुठल्याच यादीत नसतं, पण याच्याशिवाय फार मार खावा लागतो.

राहिलं स्थळांचं. हा विषय तू एका ओळीत उरकलास, पण मला वाटतं तुझी सगळी घाई तिथूनच आलेली आहे. तेवीस कौशल्यं पाच महिन्यांत शिकायचा आटापिटा अभ्यासक्रमासाठी नाही, दिवाळीसाठी आहे. दिवाळी ही तारीख कुणी ठरवली? बाबांनी स्पष्ट म्हटलंय, की आत्या-काकू बोलल्या आणि घरात कुणी ‘नाही’ म्हटलं नाही? बरेचदा हे असं हवेतच ठरतं. तू बाबांशी एकटीनं बोल, दुधाच्या हिशोबाला बसता तेव्हा. ‘मला आत्ता लग्न नको’ असं मोघम म्हणालीस तर त्यांना त्यावर धरायला काही नाही. ‘मला निकालापासून दीड वर्ष द्या, इतक्या ठिकाणी अर्ज करणार, अप्रेंटिसशिप मिळाली तर अमुक गावी राहणार, खर्च एवढा, महिन्याला घरी एवढं कळवणार,’ असं आकड्यांत मांड. ते आकड्यांचा माणूस आहेत, तूही आहेस. आणि तू गेल्यावर केंद्रावर कोण बसणार, हे त्यांच्या मनात नक्की असेल. त्याचं उत्तर तू आधीच शोधून ने. धाकटं भावंड असेल तर त्याला आजपासून मशीन शिकवायला घे. शिकवताना तुलाच कळेल की कुठल्या गोष्टी तू न समजता करत होतीस. आईलाही विश्वासात घे. तिचं मत कुणी विचारत नाही म्हणून ते नसतं असं नाही.

महिनाभराचे नमुने झाले की दोन्ही आकड्यांचे रकाने शेजारी शेजारी मांडून मला पाठव. जुळले नाहीत तर न जुळलेलेच पाठव, फेअर करू नकोस. आणि ब्युटिरोमीटर हलवताना तो चांगलाच तापतो, बूच उडालं तर आत ॲसिड असतं. फडक्यात गुंडाळून धरायचा, त्याचं तोंड आपल्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे करायचं नाही, डोळ्यांवर गॉगल, आणि ओढणी मागे घट्ट बांधून.